आधी टेस्टोस्टेरॉन पाहा

शहापूरचा प्रोस्टेट कर्करोगाचा रुग्ण तज्ज्ञाकडे नागपूरला जातो. पण टेस्टोस्टेरॉन दाबणारे तीन महिन्यांचे इंजेक्शन टोचून घ्यायला आणि पीएसएचा रिपोर्ट दाखवायला तो आपल्या गावातल्या डॉक्टरांपैकीच कुणाकडे तरी येतो. धानाची रोवणी लागली की इंजेक्शन महिना-दीड महिना लांबते. मग पीएसए वाढतो आणि कागदावर शेरा पडतो : रोग हार्मोनला दाद देत नाही. हा शेरा मारण्याआधी रक्तातले टेस्टोस्टेरॉन कुणी पाहिले का? ते डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली गेलेलेच नसेल, तर दोष रोगाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

ते खाली असूनही पीएसए चढत असेल, तरी अँड्रोजन रिसेप्टर बहुतेकदा जागाच असतो. वृषणे काढल्यावर हा रोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवले; १९६६मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढे उलटलेला रोग संप्रेरकांच्या पलीकडे गेला, असेच पुष्कळ काळ धरले गेले. तसे नव्हते. पेशी रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती तयार करतात आणि अधिवृक्क ग्रंथींच्या तुटपुंज्या अँड्रोजनवरही भागवतात. काहींमध्ये रिसेप्टर असा बदलतो, की बायकॅल्युटामाइड त्याला रोखायचे सोडून चेतवू लागते. अशा वेळी ती गोळी थांबवून सहा आठवडे पीएसए पाहावा. काहींचा तेवढ्यानेच उतरतो, आणि खर्च वाढत नाही, कमीच होतो! रिसेप्टरच्या एआर-व्ही७ या रूपात तर संप्रेरक बसण्याची जागाच गळालेली असते. तिथे एन्झाल्युटामाइड बसणार कुठे? एन्झाल्युटामाइड, ॲबिराटेरॉन अशा गोळ्यांना पहिल्यापासूनच दाद नसेल, तर डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या विचारासाठी रुग्णाला लवकर पाठवावे.

ॲबिराटेरॉनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. नेहमीचा डोस १००० मिलिग्रॅम, उपाशीपोटी. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत कमी तेलतुपाच्या नाश्त्यासोबत २५० मिलिग्रॅम दिले, तरी पीएसए तितकाच उतरला. चाचणी लहान आहे. पण गोळ्यांचा खर्च चौथाईवर येतो, म्हणून तज्ज्ञाशी हा विषय जरूर काढा. मात्र पूर्ण डोस जेवणासोबत घेतला, तर रक्तातले औषध कितीतरी पटींनी वाढते, हे रुग्णाला बजावून सांगा. या औषधावर असताना लक्ष ठेवायचे ते रक्तदाब आणि पोटॅशियम आपल्याच दवाखान्यात पाहता येते.

आणि वृषणे काढलेली नसतील, तर नवे औषध कोणतेही सुरू होवो, मूळचे इंजेक्शन बंद करू नका.