वाटीतलं सनस्क्रीन आणि नवऱ्याचा सदरा

सुप्यात माझं मेडिकल आहे. ऊन तापायला लागलं की कॉलेजच्या मुली झिंक ऑक्साइडची पावडर मागायला येतात, सोबत व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल. खोबरेल घरात असतंच, कोरफड परसात. मोबाइलवर कुणीतरी हे सगळं वाटीत घोटून दाखवलेलं असतं. मी नको म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "काकू, सगळं नॅचरलच आहे ना?"

आहे की! पण त्यात ऊन नीट अडवणारी चीज एकच, ती पांढरी पावडर. कॅलामाइन लोशनमध्ये तीच असते, वैद्यांच्या जसद भस्मातही मुख्यतः तीच. कारखान्यात तिचे बारीक कण यंत्रावर मलमात सारखे पसरवतात. मग ते मलम दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम या मापानं माणसाच्या पाठीवर लावून तपासतात, तेव्हा कुठे ट्यूबवर एसपीएफ 30 छापतात. वाटीत चमच्यानं घोटलं की गुठळ्या राहतात. गुठळीखालची कातडी वाचते, शेजारची भाजते, आणि आरशात मात्र सगळा चेहरा पांढराच दिसतो. नुसत्या खोबरेलाचा एसपीएफ प्रयोगशाळेत 7च्या आसपास भरला होता, तोही अंगावर लावून नव्हे. अमेरिकेत 2019 साली पिंटरेस्टवरच्या घरगुती सनस्क्रीनच्या पोस्ट अभ्यासकांनी तपासल्या, तर 68 टक्के पोस्टमधल्या कृती अपुऱ्या ठरल्या.

काही कृतींत लिंबूही पिळतात. हे तर करूच नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येऊ शकतात, मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. लिंबातलं एक द्रव्य उन्हात असं काम करतं; कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, ते त्याच जातीच्या द्रव्यासाठी.

या मुली आज ना उद्या ट्यूब घेतीलच. मला जास्त काळजी उन्हाळी कांद्याच्या काढणीला जाणाऱ्या बायकांची वाटते. आपला भाग जिरायती, सावलीला झाड सापडणं मुश्कील. सगळ्या अंगाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम मलम लागतं, दर दोन तासांनी पुन्हा. 50 ग्रॅमची ट्यूब दिवसभरसुद्धा पुरायची नाही. रोजात ते कसं बसणार? म्हणून त्या लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवतात, डोक्या-तोंडाला टॉवेल गुंडाळतात. माझ्या मते घरचं सनस्क्रीन म्हणावं तर हेच. फक्त सदरा विरलेला नको. घट्ट विणीचं, गडद कापड ऊन जास्त अडवतं. पातळ सुती सदरा घामानं भिजला की त्यातून ऊन आणखी आत येतं. चेहऱ्याचा उघडा राहणारा भाग आणि हाताचे पंजे, एवढ्यापुरती ट्यूब घेतली तर परवडेल.

पण कापडालाही मर्यादा आहेत. कातडी जाळणारं ऊन सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात सर्वांत कडक असतं, आणि रोजाची वेळ नेमकी तीच. सुप्याच्या कांदेवाल्यांनी यंदा काढणी सकाळी 6 ला धरावी, 11 ला सुट्टी द्यावी, राहिलेलं काम 4 नंतर उरकावं, रोज मात्र पूर्ण द्यावा. बायका विचारतील, पहाटे भाकऱ्या कोण थापणार? काढणीपुरतं ते घरातल्या पुरुषांनी बघावं.