दिव्यांची छायाचित्रे
पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील पितळी समया आणि लामणदिवे पाहताना प्रतीत होते की, ज्या कारागिरांनी त्यांवर हंस व मोर घडविले, त्यांच्या दृष्टीसमोर ज्योतीचा चंचल प्रकाशच असला पाहिजे. म्हणून अशा दिव्यावर समोरून झगझगीत प्रकाश टाकणारा छायाचित्रकार त्या कारागिरीवर अन्याय करतो, कारण तेणेकरून उठाव सपाट होतो आणि चकाकते पितळ सारा तपशील गिळून टाकते. खिडकीतून तिरपा येणारा मंद प्रकाश, पाठीमागे काळे वस्त्र आणि ज्योत पांढरीफटक होणार नाही इतकाच भिंग उघडे ठेवण्याचा अवधी, एवढा सरंजाम असला म्हणजे छायाच प्रत्येक रेषेची ग्वाही देते. वस्तूचा यथार्थ दस्तऐवज मागे ठेवू इच्छिणाऱ्याने छायेलाही प्रकाशाइतकाच मान दिला पाहिजे.