एडिटिंगचा संगणक बदलताना

फोटो एडिटिंगचा संगणक बहुतेक स्टुडिओंत बंद पडल्यावरच बदलला जातो. वर्षातला सर्वांत मोठा भार त्याच्यावर लग्नसराईत येतो, त्यामुळे तो दगा देण्याची शक्यताही तेव्हाच अधिक असते. मग हाती वेळ नसताना दुकानात जे मिळेल ते घेऊन काम भागवावे लागते. वास्तविक संगणक बदलणे हे कॅमेरा बदलण्याइतकेच विचारपूर्वक आणि सवडीने करायचे काम आहे.

हा विचार आता लांबवण्याजोगा राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. मुदतवाढीची सोय आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सर्व प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. मॅक वापरणाऱ्यांचीही स्थिती वेगळी नाही. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम१ पासून स्वतःच्या चिपकडे वळण घेतले आणि २०२५ मधली टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मॅकओएस आवृत्ती ठरली. ग्राहकांचे खासगी फोटो, बिले आणि बँकेचे व्यवहार एकाच यंत्रावर असतील तर अद्यतने बंद होणे ही किरकोळ बाब नव्हे.

दुसरीकडे कामाचा भार वाढला आहे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा १६ बिटमधला एक पूर्ण थर मेमरीत सुमारे १४४ एमबी जागा घेतो; ४५ मेगापिक्सेलला हाच आकडा २७० एमबी, तर ६१ मेगापिक्सेलला ३६६ एमबी होतो. रिटचिंगचे आठ-दहा थर आणि त्यांची हिस्ट्री धरली की ८ जीबी रॅम तोकडी पडते. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आले आणि फोटोच्या कामात तोवर दुय्यम असलेले ग्राफिक्स कार्ड मुख्य झाले. कमी प्रकाशातल्या हळदीच्या किंवा वरातीच्या फोटोंना ही सुविधा फार उपयोगी पडते, पण जुन्या कार्डावर एकेका फोटोला कित्येक मिनिटे लागतात.

तरीही संगणक संथ झाला म्हणजे तो बदललाच पाहिजे असे नाही. आधी निदान हवे, आणि ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कोणालाही करता येते. नेहमीच्या कामातले शंभर रॉ फोटो एक्स्पोर्ट करावेत, एक जड पीएसडी उघडून सेव्ह करावी, दोन-चार फोटोंवर डीनॉइज चालवावे आणि त्या वेळी परफॉर्मन्सचा तक्ता पाहावा. मेमरी जवळजवळ पूर्ण भरत असेल तर रॅम वाढवणे पुरेसे आहे. प्रोसेसर मोकळा असताना डिस्क सतत शंभर टक्के दिसत असेल तर दोष हार्ड डिस्कचा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास आणि एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे. केवळ हा बदल केल्याने अनेक जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढते. फक्त डीनॉइज अडत असेल तर नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे. मात्र त्याआधी एसएमपीएसची क्षमता आणि कॅबिनेटमधली जागा तपासावी. उष्णतेमुळे वेग घटत असेल तर पंख्यांतली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर अडकत असेल, किंवा त्याला विंडोज ११ चालत नसेल, तर मात्र दुरुस्तीत अर्थ नाही. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर सहसा बसत नाही. नव्या मदरबोर्डला बहुधा डीडीआर५ रॅम लागते आणि तिच्या खाचेत जुनी डीडीआर४ बसत नाही. हे तिन्ही बदलायचे म्हणजे यंत्रच बदलायचे. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढल्यामुळे रॅमचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

नवे यंत्र निवडताना स्वतःच्या कामाचे स्वरूप हाच निकष असावा. फोटोशॉपची बरीच कामे थोड्याच कोअरवर चालतात, त्यामुळे तिथे प्रत्येक कोअरचा वेग मोलाचा. लाइटरूमचे एक्स्पोर्ट मात्र जास्त कोअरचा फायदा घेते. रॅम आज १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. अल्बम डिझाइन आणि रिटचिंग एकाच वेळी चालत असेल तर ३२ जीबी योग्य. डीनॉइज रोजचे असेल तर ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड घ्यावे. ॲपलच्या नव्या यंत्रांत मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना सामाईक असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून तिथे खरेदीच्या वेळीच पुरेशी घ्यावी. ऑपरेटिंग सिस्टम, कॅटलॉग आणि चालू काम एसएसडीवर आणि पूर्ण झालेली कामे मोठ्या हार्ड डिस्कवर, ही विभागणी किफायतशीर ठरते. एसएसडी दीर्घकाळ वीजपुरवठ्याविना पडून राहिली तर तिच्यातला डेटा विश्वासार्ह राहत नाही, त्यामुळे कपाटात ठेवायच्या संग्रहासाठी ती वापरू नये.

विजेकडे आणि उन्हाळ्याकडेही पाहावे लागते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा खोलीत सडपातळ लॅपटॉप लांब एक्स्पोर्टच्या वेळी स्वतःचा वेग उतरवतो. प्रवासात एडिटिंग करायचे नसेल तर हवेशीर कॅबिनेटचा डेस्कटॉप त्याच किमतीत अधिक काम देतो. सोबत यूपीएस हवाच, तोही शुद्ध साइन वेव्हचा. आजच्या चांगल्या एसएमपीएसचे स्वस्त यूपीएसशी नेहमीच जुळते असे नाही आणि वीज जाताच यंत्र बंद पडते.

मॉनिटरचा विचार स्वतंत्रपणे करावा, कारण रंगाची जबाबदारी त्याच्याकडे आहे. बहुतेक अल्बम लॅब एसआरजीबी जेपीईजी स्वीकारतात, म्हणून एसआरजीबी पूर्ण दाखवणारा आयपीएस मॉनिटर ही किमान गरज. ॲडोबी आरजीबीवरचा जादा खर्च फाइन आर्ट प्रिंट करणाऱ्यांनाच सार्थकी लागतो. ‘लॅबमधून प्रिंट काळपट आल्या’ या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा लॅबमध्ये नसून अवाजवी उजळ ठेवलेल्या मॉनिटरमध्ये असते. कॅलिब्रेटर लावून ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला आणि पांढरा रंग ६५०० केल्विनवर आणला की ही तक्रार बरीचशी मिटते.

खरी जोखीम खरेदीत नसून स्थलांतरात आहे. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. त्यांचे पत्ते आणि त्यांवर केलेले काम असते. म्हणून कॅटलॉग आणि फोटो दोन्ही न्यावे लागतात. नव्या यंत्रावर ड्राइव्हचे अक्षर आणि फोल्डरची नावे तीच ठेवली तर फोटो ‘मिसिंग’ दिसत नाहीत. एक्सएमपी फाइलवर भिस्त ठेवू नये. तिच्यात करेक्शन येतात, पण कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी येत नाहीत. प्रीसेट, ॲक्शन, ब्रश, देवनागरी फॉन्ट आणि लॅबचे आयसीसी प्रोफाइल यांची यादी करून ती आठवणीने हलवावीत. नव्या विंडोज यंत्रांत डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट होते, तिची रिकव्हरी की लिहून ठेवावी. जुने यंत्र निदान एक संपूर्ण काम नव्यावर पार पडेपर्यंत तसेच राहू द्यावे.

बॅकअपची घडी बसवण्याचीही हीच वेळ. ५० एमबीच्या तीन हजार रॉ फाइल म्हणजे एका लग्नाचे १५० जीबी होतात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम आजही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. एकाच टेबलावरच्या दोन हार्ड डिस्क आगीत किंवा पुराच्या पाण्यात एकदमच जातात.

जुने यंत्र विकताना फाइल नुसत्या डिलीट करणे पुरेसे नाही; त्या सहज परत मिळवता येतात. हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करावी, एसएसडीला उत्पादकाच्या साधनाने सिक्युअर इरेज द्यावे. कोणाच्या घरच्या कार्याचे फोटो परक्याच्या हाती जाणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. निकामी सुटे भाग भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत.

खरेदीसाठी सर्वांत सोयीचा काळ आषाढी ते कार्तिकी एकादशीचा. मुहूर्त नसतात, कामे कमी असतात आणि स्थलांतराला सवड मिळते. हिशेबाच्या दृष्टीनेही तो बरा. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला तर निम्माच. त्यामुळे सप्टेंबरअखेर यंत्र वापरात आलेले चांगले. अनुमानित उत्पन्नावर कर भरणाऱ्यांना हा घसारा वेगळा मिळत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी बिल नोंदणी क्रमांकासह घ्यावे, म्हणजे १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते.

पाच-सहा वर्षे झालेले यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी येत्या चातुर्मासात त्याची तपासणी करावी, दुरुस्ती की बदल याचा निर्णय लेखी आकड्यांवर घ्यावा आणि तुळशीच्या लग्नाआधी नवी घडी बसवून मोकळे व्हावे.