लिटर बॉक्स घेताय? आधी मांजर मोजा!

गुरुग्रामच्या बाराव्या मजल्यावर मांजरीला अंगणातली माती कुठून मिळणार? लिटर बॉक्स आणावाच लागतो. पण दुकानातले देखणे, झाकणवाले बॉक्स बरेचदा लहान निघतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांबीचा बॉक्स घ्या. मोठा प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापला तरी छान चालतो. पिल्लू किंवा म्हातारी मांजर असेल तर कड बुटकी हवी. झाकणामुळे वास आपल्याला येत नाही, पण आत मांजरीच्या नाकाशी कोंडतो! आत बिनवासाची, गोळे होणारी बेंटोनाइट माती दोन इंच भरा. ती आपल्याच कच्छ-बारमेरमध्ये निघते. बॉक्स बाल्कनीत नको, मे महिन्यात तिथे माणसालाही उभं राहवत नाही. सफाई रोज करा; गर्भवतीने मात्र हे काम दुसऱ्या कुणाला सांगावं, कारण मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माची लागण होऊ शकते.

आणि बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय, लघवीचा थेंबही नाही, असं दिसलं तर बॉक्सला दोष देत बसू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी लगेच पशुवैद्य गाठा.