पाठकोऱ्या कागदाचे मोल

खांद्यावर प्रेत, हातात नंगी तलवार आणि भोवती स्मशान. विक्रमादित्याचे हे चित्र ‘चांदोबा’च्या वाचकांना आजही आठवते. ते रेखाटणारे चित्रकार शंकर, म्हणजेच के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०). मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले शंकर १९५२ मध्ये तेथीलच ‘चांदोबा’ परिवारात दाखल झाले. मराठी ‘चांदोबा’ही त्याच वर्षी सुरू झाला. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

कथाचित्राचा संसार थोडक्यात चालतो. काळी शाई आणि कागद! झाडाची साल, सापाचे खवले, चितेचा धूर, सारे रेघेच्या जाड-बारीकपणावर उभे राहते.

आज मात्र मुलाने चार रेघा ओढताच घरात अठ्ठेचाळीस रंगांची पेटी आणि जाड कागदाची वही येते. पाठोपाठ सूचनाही येते, “जपून वापर हं!” आनंद तेथेच संपतो. महागड्या कागदावर हात आखडतो, खोडरबर मात्र झिजत राहते. बँकेच्या मासिकाने काटकसर सुचवावी यात नवल नाही; परंतु येथे प्रश्न पैशाचा नसून धिटाईचा आहे. पाठकोरे कागद आणि शाईचे पेन मुलाच्या हाती द्यावे. शाई खोडता येत नाही, म्हणून डोळा अधिक वेळ पाहतो. कागद फुकटचा, म्हणून चित्र बिघडले तरी दुसरे लगेच सुरू होते.

शाई फुटू लागली, पाण्याने कागद सुरकुतू लागला, की मूल स्वतःच चांगला कागद मागेल. खरेदीला तेव्हा निघावे.