आधी मूल, मग यंत्र

पुणे-दौंड लोहमार्गावर खुटबावच्या पुढचे स्थानक केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेकडो मुली-बायकांना इथे आसरा मिळाला. त्यांत अंध मुलीही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी स्वतः शिकून घेतली आणि मग या मुलींना वाचायला शिकवले. आधी मुलीची अडचण ओळखली गेली, मग शिकवणारी तयार झाली आणि त्यानंतर साधन हाती आले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच परिसरात पाळला गेलेला हा क्रम आजच्या डिजिटल वर्गखोल्यांत उलटा झाला आहे.

आता डिजिटल संच आधी येतो. कधी वित्त आयोगाच्या निधीतून, कधी कुरकुंभ-रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांच्या सीएसआरमधून, कधी गावाच्या वर्गणीतून. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण भिंतीवरचा मोठा पडदा सगळ्या वर्गाला एकच धडा एकाच वेगाने दाखवतो. ज्याला वाचता येते, त्याला तो धडा अधिक रंगतदार वाटतो. ज्याला कमी ऐकू येते, त्याच्यासाठी पत्र्याखाली घुमणारा स्पीकर म्हणजे नुसता गोंगाट. ज्याची नजर अधू आहे, त्याला चकाकणाऱ्या काचेवरचे काही दिसत नाही. आणि ज्याच्या डोळ्यांसमोर अक्षरांची अदलाबदल होते, त्याला फळ्यावर न जमलेले वाचन पडद्यावरही जमत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत ही अध्ययन अक्षमताही आहे. ही मुले शेजारच्या मुलांसोबत त्याच वर्गात बसतात, तो त्यांचा हक्क आहे. तिथे त्यांना शिकताही आले पाहिजे.

त्यासाठी लागणारे बरेचसे महाग नाही. साध्या अँड्रॉइड फोनमधली टॉकबॅक सुविधा पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून दाखवते. संगणकासाठी एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर फुकट मिळते. उत्तर तोंडपाठ असूनही लिहिताना अडखळणाऱ्या मुलाला बोलून टंकलेखन करता येते. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. पुस्तकाची पाने नुसत्या चित्रांच्या रूपात असतील, तर वाचक सॉफ्टवेअर मुके होते. मजकूर युनिकोडमध्ये हवा, आकृत्यांना शब्दांत वर्णन हवे. बालभारतीने प्रत्येक पुस्तक छापतानाच त्याची अशी आवृत्ती खुली करावी. कायद्याची आडकाठी नाही: दिव्यांगांसाठी पुस्तकांचे असे रूपांतर करण्याची मुभा २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिली आहे आणि याच विषयावरचा माराकेश करार मंजूर करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला.

भाषेचा प्रश्न तर दौंड तालुक्यात उसाच्या फडापासूनच सुरू होतो. हंगामात बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या उतरतात, गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कामगार राबतात. त्यांच्या मुलांच्या घरात कुठे गोरमाटी बोलली जाते, कुठे हिंदी-भोजपुरी. अशा मुलासमोर प्रमाण मराठीतली चित्रफीत दहा वेळा लावली तरी उपयोग नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा गाजले ते त्यांनी पाठ्यपुस्तकांना जोडलेले क्यूआर कोड. आम्हाला त्याआधीचे काम मोलाचे वाटते. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे त्यांनी हेरले आणि पाठ त्या भाषेत नेले. पुढे क्यूआर कोड राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांवर छापून आले. समोरचे मूल घरी काय बोलते ही माहिती मात्र कोणत्याच पुस्तकावर छापून येत नाही, ती त्या त्या शाळेतल्या शिक्षकालाच मिळवावी लागते.

म्हणून माणसांचा प्रश्न यंत्रांहून मोठा आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रनिहाय ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. निर्णय योग्यच होता. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात आणि एक विशेष शिक्षक रोज सगळीकडे पोहोचू शकत नाही. उरलेले दिवस वर्गशिक्षकालाच निभवायचे असतात, आणि तो दोन-दोन इयत्ता सांभाळून ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला असतो. त्याला पुरवठादाराच्या माणसाने बटणे दाखवून जाणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. विशेष शिक्षकाने त्याच्याच वर्गात बसून, त्याच्याच मुलांबरोबर ते साधन वापरून दाखवले पाहिजे. अध्ययन अक्षमतेची तपासणीही दौंड आणि शिरूरमध्येच व्हावी. त्यासाठी खुटबावच्या मजूर बापाला दिवसाच्या रोजावर पाणी सोडून पुण्याची वाट धरावी लागू नये.

पंचायत समितीने यंदा खरेदीची पद्धतच बदलावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रत्येक वर्गशिक्षकाने विशेष शिक्षकासोबत बसून कोणत्या मुलाला कशाची अडचण आहे आणि त्याला काय लागेल याची यादी करावी. मुलांची नावे चव्हाट्यावर न आणता ही यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. वीजबिल आणि दुरुस्तीची तरतूद खरेदीच्याच ठरावात असावी, कारण वीज तोडलेल्या शाळेत कोणतेच साधन चालत नाही. या यादीत ज्याची गरज नोंदलेली नाही, अशा कोणत्याही संचाचे देयक गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढे पाठवू नये.