पुन्हा पहिल्यापासून सांगायचे?

यजमानांची बदली झाली की गॅस, दूधवाला, मुलांची शाळा, सारे नव्याने लावावे लागते. ते जमते. पण जी दोन वर्षे मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होती, तिच्यापुढचा प्रश्न वेगळाच. परक्या शहरात, परक्या माणसासमोर आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून उगाळायची? या विचारानेच कित्येकजणी भेट पुढे ढकलतात आणि इकडे गोळ्या संपत येतात. हे मात्र धोक्याचे. अशी औषधे एकाएकी थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणे असे त्रास होऊ शकतात, मूळ दुखणेही उलटू शकते. म्हणून गाव सोडण्यापूर्वीच जुन्या डॉक्टरांकडून चार ओळींचे पत्र मागून घ्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा भीड कशाला?

वेळ ठरवतानाच फी विचारा. समोरची व्यक्ती कोण, हेही विचारा. सायकियाट्रिस्ट औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. भाषेचेही विचारून घ्या. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करता येते हो, पण ‘जिवाची घालमेल होते’ हे हिंदीत कसे सांगणार?

एका कागदावर गोळ्यांची नावे आणि मात्रा लिहा. थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर बरोबर ठेवा, कारण थायरॉइडच्या बिघाडानेही मन उदास राहू शकते. आणि मागच्या उपचारात कशाने बरे वाटले, कशाचा उपयोग झाला नाही, हे जरूर लिहा. नव्या तज्ज्ञांना याची फार मदत होते.

आता नाजूक मुद्दा. आत कोणी जायचे? आपल्याकडे सोबत आलेले माणूसच बोलत सुटते. ‘ही विचार फार करते,’ असे यजमान सांगतात, सासूबाई मान डोलावतात आणि जिचे दुखणे ती पदराशी चाळा करत बसते. निदान पहिली वीस मिनिटे तरी एकटीने बोलायचे आहे, असे घरूनच सांगून निघा. वाटल्यास नंतर त्यांना आत बोलवा. तुमचे बोलणे गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यानेच उपचारकांवर घातले आहे. जिवाला धोका असेल तर मात्र त्याला अपवाद असतो, तो कसा, हे पहिल्याच भेटीत विचारा.

मरणाचे विचार येत असतील तर ते आधी सांगा, निघता निघता नको. तसे असेल तर ठरलेल्या तारखेचीही वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

बाकीची कहाणी एका दिवसात संपवायची नसते. माहेरच्या त्या प्रसंगाबद्दल आज नको, पुढच्या वेळी बोलू, असे म्हटले तरी चालते.